मुलांच्या बेसबॉलमध्ये कॅचरचा पॉप टाइम: आकडा खरा कसा काढायचा

पॉप टाइम म्हणजे कॅचरने (बॅटरच्या मागे बसणाऱ्या खेळाडूने) पिच, म्हणजे पिचरने फेकलेला चेंडू, घेऊन तो सेकंड बेसवर पोचवेपर्यंतचा वेळ. बारा वर्षांच्या मुलाचा पॉप टाइम 1.87 सेकंद आहे असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचारायचा: किती फुटांवर? दुसरा: कशाने मोजला, आणि घड्याळ कुठे थांबवलं? ही उत्तरं मिळाली नाहीत, तर तो आकडा कौतुकाने ऐकून घ्यावा आणि विसरून जावा. अमेरिकेतल्या व्यावसायिक मेजर लीगमध्ये सेकंड बेसवरच्या थ्रोचा सरासरी पॉप टाइम 2 सेकंदांच्या आसपास असतो, 1.9 म्हणजे उत्तम. तरी मुलांच्या स्पर्धांमध्ये असे आकडे सर्रास ऐकू येतात. मुलं खोटं बोलत नसतात. मोजणी ढिली असते, आणि ढिली मोजणी बहुतेक वेळा आपल्याला हव्या त्या बाजूलाच झुकते.

स्टॉपवॉच दोन दशांश दाखवतं, म्हणून आपल्याला दोन दशांश कळले असं आपण धरून चालतो. हाताने एकदा मोजलेल्या थ्रोमध्ये पहिला दशांशसुद्धा पक्का नसतो. नीट पद्धत लावली तर साध्या फोनवर शंभराव्या भागापर्यंत जाता येतं. महागडं उपकरण लागत नाही. लागते ती शिस्त.

सुरुवात आणि शेवट आधी ठरवा

नेमकं सांगायचं तर पॉप टाइम म्हणजे पिच कॅचरच्या मिटमध्ये (जाड ग्लोव्हमध्ये) आदळल्यापासून थ्रो सेकंड बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंतचा वेळ. टॅग लावायचा, म्हणजे चेंडू धरलेला ग्लोव्ह धावपटूला लावून त्याला बाद करायचा, वेळ यात येत नाही, आणि पिचरचा वेळही नाही.

सुरुवातीबद्दल फारसा वाद होत नाही, चेंडू मिटला लागला की घड्याळ सुरू. घोटाळा होतो तो शेवटी. सेकंड बेसवर उभा असलेला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला क्षेत्ररक्षक) हात लांब करून बेसच्या चार फूट पुढेच चेंडू घेतो, आणि मोजणारा तिथेच बटण दाबतो. थ्रोचा वेग त्या टप्प्यावर सेकंदाला 90 फुटांच्या आसपास असेल, तर चार फूट म्हणजे जवळजवळ 0.045 सेकंद फुकट मिळाले. मेजर लीगची स्टॅटकास्ट यंत्रणा म्हणूनच चेंडू बेसच्या मध्यावर कधी पोचला असता त्याचा हिशोब करते, खेळाडूने तो कुठे पकडला हे बघत नाही. आपण एवढं करू शकत नाही, पण घेणाऱ्याला सांगू शकतो: बेसच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभा राहा, ग्लोव्ह बेसच्या वर धर, चेंडू तुझ्याकडे येऊ दे. जो थ्रो त्याने पुढे झेपावून घेतला तो वेगळा लिहायचा.

टेप घेऊन मैदान मोजा

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण ते गाळतात. सरावाच्या वेळी बेस नुसता टाकलेला असतो, अंदाजाने. होम प्लेटच्या (जिथे बॅटर उभा राहतो) मागच्या टोकापासून सेकंड बेसच्या मध्यापर्यंतचं अंतर असं असायला हवं (60 फुटी म्हणजे लागोपाठच्या दोन बेसमध्ये 60 फूट):

- 60 फुटी बेस: 84 फूट 10 इंच
- 70 फुटी बेस: 99 फूट
- 80 फुटी बेस: 113 फूट 2 इंच
- 90 फुटी बेस: 127 फूट 3 इंच (आणि वर थोडं)

चेंडू सरासरी ताशी 50 मैलांनी, म्हणजे सेकंदाला 73 फुटांनी जात असेल, तर बेस तीन फूट पुढे पडला की 0.04 सेकंद कमी होतात. मुलाने महिनाभर पायांचं काम घोटून तेवढीच सुधारणा केली असेल. एकदा मोजून खूण करून ठेवली की सुटलात.

मूल 60 फुटी मैदानावरून मोठ्या, 90 फुटी मैदानावर गेलं की आकडा एकदम फुगतो आणि घरच्यांना धक्का बसतो. अंतर दीडपट झालं म्हणून वेळही दीडपट धरायची, हा हिशोब चुकीचा. पॉप टाइमचे दोन तुकडे असतात: चेंडू मिटमधून हातात घेऊन सोडेपर्यंतचा, आणि हवेतला. पहिला तुकडा मैदान बदललं तरी तेवढाच राहतो. समजा लहान मैदानावर 1.90 आहे, त्यात 0.80 हातातले आणि 1.10 हवेतले. हवेतला सरासरी वेग सेकंदाला 77 फूट झाला. त्याच वेगाने 127 फुटांना 1.65 लागतील, म्हणजे एकूण 2.45. लांबच्या थ्रोत चेंडू आणखी मंदावतो आणि जास्त उंच फेकावा लागतो, तेव्हा प्रत्यक्षात याहून थोडा जास्तच येईल. पण सरसकट दीडपट करून येणारा 2.85 नक्कीच नाही.

उभं कुठे राहायचं

माझ्या मते सगळ्या मोजणीत सर्वात दुर्लक्षित गोष्ट ही आहे. बहुतेक पालक होम प्लेटच्या मागे जाळीला टेकून उभे असतात आणि दोन्ही आवाज ऐकून बटण दाबतात. आवाज साधारण हवेत सेकंदाला 1125 फूट जातो. मोठ्या मैदानावर सेकंड बेसवरचा 'फट्' आवाज होम प्लेटपर्यंत यायलाच 0.11 सेकंद लागतात, लहान मैदानावर 0.075. म्हणजे प्लेटमागे उभं राहून कानाने मोजलं, तर मुलाचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाने उगाच वाढतो. उलट सेकंड बेसच्या मागे उभं राहून मोजलं, तर तेवढाच कमी होतो. एकच थ्रो दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघांनी कानाने मोजला, तर त्यांच्यात 0.2 सेकंदांचा फरक पडेल, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतील.

उपाय मैदानातच आहे. फर्स्ट बेस होम प्लेटपासून जेवढा लांब, तेवढाच सेकंड बेसपासून. तिथे दोन्ही आवाज सारख्याच उशिरा पोचतात, म्हणजे उशीर कटून जातो. फर्स्ट आणि थर्ड बेस जोडणारी रेषा बाहेर कितीही वाढवली तरी तिच्यावरच्या प्रत्येक जागी हेच खरं. तेव्हा फर्स्ट बेसच्या मागे त्याच रेषेत उभं राहायचं, रेषेला धरून मागे जायचं.

फर्स्ट बेसची बाजू घ्यायला आणखी कारण आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्या कॅचरचा फेकायचा हात या बाजूला असतो, त्यामुळे चेंडू मिटमधून हातात कसा येतो ते स्वच्छ दिसतं. उजव्या हाताचा बॅटर पलीकडच्या बाजूला उभा असतो, आड येत नाही. डावखुरा बॅटर उभा केला असेल तर मात्र थर्ड बेसच्या बाजूला जा, अंतराचा नियम तिथेही तोच.

स्टॉपवॉचने मोजायचं असेल तर

अंगठ्याला उशीर होतो. आवाज ऐकून बटण दाबायला साधारण दीड ते दोन दशांश सेकंद जातात. दोन्ही टोकांना सारखाच उशीर झाला तर तो वजाबाकीत निघून जाईल. पण तसं होत नाही. सुरुवातीला आपण आवाजाची वाट बघतो, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी चेंडू येताना दिसत असतो, आपण आधीच तयार असतो, आणि बटण वेळेवर किंवा किंचित आधी दाबलं जातं. परिणाम: वेळ कमी भरतो. ॲथलेटिक्समध्ये हाच प्रकार पूर्वापार माहीत आहे. हाताने घेतलेली 100 मीटरची वेळ विद्युत वेळेशी ताडून बघताना तीत 0.24 सेकंद मिळवण्याची पद्धत होती, आणि 400 मीटरपर्यंतच्या शर्यतींच्या विश्वविक्रमांना 1977 पासून पूर्ण स्वयंचलित वेळच लागते.

म्हणून नियम एकच: दोन्ही टोकांना सारखं वागा. पिच येताना दिसतेच, तेव्हा सुरुवातीलाही चेंडूवर नजर ठेवून तो मिटला लागतानाच दाबायचा प्रयत्न करा, शेवटीही तसंच. आणि स्वतःचा अंगठा कुठे झुकतो ते एकदा तपासा. थ्रोचा व्हिडिओ घ्या, फ्रेम मोजून खरा वेळ काढा, मग तोच व्हिडिओ नेहमीच्या वेगाने लावून वीसेक वेळा स्टॉपवॉचने मोजा. सरासरी खऱ्या वेळेपेक्षा 0.08 कमी येत असेल, तर तो तुमचा कल. मित्राचा कल वेगळा असेल. म्हणूनच एका मुलाचा वेळ एकाने आणि दुसऱ्याचा दुसऱ्याने घेऊन त्यांची तुलना करणं म्हणजे कॅचरची नव्हे, अंगठ्यांची स्पर्धा झाली.

फोनच्या व्हिडिओने

हाच मार्ग मी सुचवेन. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 0.033 सेकंदाची, 60 मध्ये 0.017 ची, 240 मध्ये 0.004 ची. दोन्ही टोकं मिळून चूक साधारण एका फ्रेमच्या आत राहते. तेव्हा 240 पुरून उरतात, 120 चालतात, 60 कामचलाऊ. 30 फ्रेम असतील तर निदान एकट्या अंगठ्यापेक्षा बऱ्या.

मोठ्या मैदानावर होम प्लेट आणि सेकंड बेस दोन्ही चौकटीत बसवायला फर्स्ट बेसच्या मागे 45 ते 50 फूट जावं लागतं. फोन तिवईवर आडवा ठेवा, हातात धरू नका. झूम करत बसू नका. चेंडू पडद्यावर ठिपक्याएवढाच दिसेल, पण मिटला लागताना मिट किंचित मागे जातं आणि थांबतं, ते पकडता येतं.

मग असं करा:

1. मूळ फाइलच वापरा. मेसेजमधून आलेल्या व्हिडिओत बऱ्याचदा फ्रेम कमी झालेल्या असतात.
2. एकेक फ्रेम पुढे नेता येणारं ॲप किंवा प्लेयर उघडा.
3. चेंडू मिटला लागल्याची पहिली फ्रेम शोधा, तिचा क्रमांक लिहा.
4. चेंडू हातातून सुटल्याची पहिली फ्रेम लिहा.
5. चेंडू ग्लोव्हला लागल्याची पहिली फ्रेम लिहा.
6. वजाबाकी करून फ्रेमच्या वेगाने भागा.

समजा क्रमांक 1312, 1508 आणि 1856 आले, व्हिडिओ 240 चा. हातातला वेळ 196 भागिले 240, म्हणजे 0.82. हवेतला 348 भागिले 240, म्हणजे 1.45. एकूण 2.27. या दोन तुकड्यांमुळेच व्हिडिओ स्टॉपवॉचपेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो. नुसता 2.27 बघून प्रशिक्षक काय सांगणार? 0.82 आणि 1.45 बघून तो पायांवर काम करायचं की हातावर हे ठरवू शकतो. मेजर लीगमध्ये हातातला वेळ सरासरी 0.7 च्या जरा वर असतो, यावरून कुठे किती वाव आहे तेही कळतं.

एक सापळा सांगून ठेवतो. स्लो मोशनचा व्हिडिओ चालवताना खाली दिसणारी वेळ खरी नसते. 240 चा व्हिडिओ 30 ने चालत असेल तर ती आठपट असते, आणि काही फोन सुरुवातीचा व शेवटचा भाग नेहमीच्या वेगाने दाखवतात, त्यामुळे आठने भागूनही उत्तर चुकतं. शिवाय उजेड कमी झाला की काही फोन गुपचूप फ्रेम कमी करतात. खात्री करायला दुसऱ्या फोनवर चालू असलेलं स्टॉपवॉच त्याच उजेडात दहा सेकंद चित्रित करा आणि दहा सेकंदांत किती फ्रेम आल्या ते मोजा. 2400 च्या जवळपास हव्यात.

ठिपका दिसतच नसेल तर आवाजाकडे वळा. त्याच व्हिडिओचा आवाज ध्वनी संपादनाच्या कुठल्याही मोफत ॲपमध्ये उघडला की मिटचा आणि ग्लोव्हचा असे दोन उंच काटे दिसतात. त्यांच्यातलं अंतर हजाराव्या भागापर्यंत वाचता येतं. अट एवढीच की फोन त्या समान अंतराच्या रेषेवर हवा. नसेल तर फोनपासून दोन्ही टोकांची अंतरं मोजा, सेकंड बेसच्या अंतरातून होम प्लेटचं वजा करा, 1125 ने भागा, आणि आलेला आकडा वेळेतून कमी करा. आसपास दुसरा संघ सराव करत असेल तर मात्र काट्यांची गर्दी होते आणि हा प्रकार सोडून द्यावा लागतो.

थ्रो कसे घ्यायचे

आधी पूर्ण वॉर्मअप. मग पाच-सहा मोजायचे थ्रो, प्रत्येकाआड निदान अर्धा मिनिट विश्रांती. वाढत्या वयातल्या खांद्याकडून आणि कोपराकडून पूर्ण जोराचे थ्रो काढून घेताना हात आखडताच बरा. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात एका सामन्यात चार किंवा अधिक इनिंग कॅचर राहिलेल्या खेळाडूला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही, ते उगाच नाही. ज्या दिवशी मुलाने पिचिंग केलं त्या दिवशी पॉप टाइम काढू नये, आणि 'अजून एकच, हा चांगला येईल' हे तर कधीच म्हणू नये.

पिच खरी हवी, म्हणजे माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून), बऱ्यापैकी वेगाने. प्रशिक्षकाने वीस फुटांवरून हळूच दिलेल्या चेंडूवर कॅचर आधीच अर्धा उभा झालेला असतो आणि चेंडू पुढे जाऊन घेतो. सामन्यात असं करता येत नाही. हातात बॅट घेऊन कुणीतरी बॅटरच्या जागी उभं राहिलं तर उत्तमच. निवड चाचण्यांमधले वेळ सामन्यातल्या वेळांपेक्षा कमी येतात याचं अर्ध कारण इथेच आहे: स्टील होणार, म्हणजे धावपटू पुढचा बेस चोरायला पळणार, हे कॅचरला आधीच ठाऊक असतं.

दिशेचं काय? बेसपासून सहा फूट लांब गेलेला 2.05 चा थ्रो सरळ बेसवर आलेल्या 2.20 पेक्षा चांगला नाही. त्या धावपटूला तो बाद करणार नाही. म्हणून प्रत्येक वेळेपुढे जागा लिहा: बेसवर, वर, फर्स्टच्या बाजूला, टप्पा पडून. सरासरीत फक्त जागेवरूनच टॅग लावता येईल असे थ्रो धरा, बाकीचे किती होते तेही लिहा. सहापैकी चार थ्रो वगळावे लागले तर तीच मोठी बातमी आहे.

आकडा शक्य आहे का, हे तपासा

ताशी 60 मैल म्हणजे सेकंदाला बरोबर 88 फूट. वेग जराही कमी झाला नाही असं धरलं तरी 127 फुटांना 1.45 सेकंद लागतात. तेव्हा 60 मैलांनी फेकणाऱ्या मुलाचा 90 फुटी मैदानावरचा पॉप टाइम 1.95 असेल, तर त्याने चेंडू अर्ध्या सेकंदात हातात घेऊन सोडला असं मानावं लागेल. व्यावसायिकांना जमत नाही ते. कुठेतरी अंतर, घड्याळ किंवा थ्रोचा वेग मोजणारं रडार चुकलं आहे.

रडारही धुतल्या तांदळासारखं नसतं. थ्रोच्या रेषेपासून बाजूला उभं राहून मोजलं की वेग कमी दिसतो: 10 अंशांना दीड टक्का, 20 अंशांना सहा टक्के. वेग मोजणारा सेकंड बेसच्या मागे, थ्रोच्या रेषेत हवा. म्हणजे रडारची जागा आणि वेळेची जागा वेगळी. एकाच माणसाने दोन्ही करू नये.

सरासरी, सर्वोत्तम नाही

सगळ्यांना सर्वात कमी वेळ सांगायचा असतो. पण मोजणीत चूक असताना सर्वात कमी वेळ म्हणजे बहुधा सर्वात जास्त चुकलेला वेळ. कल्पना करा, एक मूल दर वेळी अगदी 2.30 मध्येच फेकतं, आणि अंगठ्यामुळे वेळ साधारण 0.07 ने इकडेतिकडे होतो. दहा थ्रो मोजले तर त्यातला सर्वात कमी सरासरी 2.19 येईल. मूल होतं तिथेच, आकडा दहाव्या भागाने सुधारला.

म्हणून सरासरी लिहा, सोबत सर्वात कमी आणि सर्वात जास्तही. आणि दोन सरासरींची तुलना करताना घाई नको. थ्रो आपापसांत 0.08 ने मागेपुढे होत असतील, तर सहा थ्रोंच्या दोन सरासरींमध्ये 0.09 पर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. मागच्या महिन्यात 2.34, या महिन्यात 2.30, यावरून नवा सराव लागू पडला असं म्हणता येत नाही. 2.34 वरून 2.18 झाला तर जरूर म्हणा.

वहीत ओळ अशी असावी: तारीख, बेसचं अंतर, फोनची जागा, फ्रेमचा वेग, किती थ्रो, किती धरले, हातातला वेळ, हवेतला वेळ, एकूण सरासरी, सर्वात कमी ते सर्वात जास्त. पद्धत बदलली की नवं पान. स्टॉपवॉचचे जुने आकडे आणि व्हिडिओचे नवे आकडे एकाच आलेखात जोडले तर मुलगा एका रात्रीत मंद झाल्यासारखा दिसेल, आणि त्याला ते समजावता समजावता नाकी नऊ येतील.

सामन्यासाठी हा आकडा वापरताना वयोगटाचा नियम बघा. मोठ्या मुलांत धावपटू आधीच पुढे सरकलेला असतो आणि पिच सुटताना पळतो, म्हणून पिचरचा वेळ, पॉप टाइम आणि टॅग यांची बेरीज त्याच्या वेळेशी ताडायची. तिथे पिचरने 0.2 सेकंद जास्त घेतले तर कॅचरने महिनोन्महिने केलेलं काम वाया जातं. लिटल लीगच्या 60 फुटी मैदानावर मात्र पिच बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय धावपटूला बेस सोडता येत नाही. तिथे पिचरचा वेळ हिशोबातच नाही. धावपटूचे 60 फूट एकीकडे, पॉप टाइम आणि टॅग दुसरीकडे. धावपटूचा वेळ काढायलाही तोच फोन, तीच जागा आणि तीच फ्रेम मोजायची पद्धत वापरा. बेसवरून पाय सुटल्याची फ्रेम आणि पुढच्या बेसला पाय किंवा हात लागल्याची फ्रेम.